साडूंचं स्कॉटलंड

आमचे साडू जगात कशालाच घाबरत नसत. मिशिगनच्या हिवाळ्यात दारापुढे कमरेएवढा बर्फ साचला तरी नुसत्या शर्टावर बाहेर येऊन फावडं मारणारा, ऑफिसातल्या सगळ्यात मोठ्या साहेबाला तोंडावर ‘हे डिझाइन टाकाऊ आहे’ म्हणणारा आणि माझ्या सासूबाईंशी राजकारणावर वाद घालून जिंकणारा हा एकच माणूस मी पाहिला आहे. ते घाबरत फक्त एका गोष्टीला, ती म्हणजे निघणं. प्रवासाचं त्यांना वेड होतं, पण इतकं सांगोपांग की प्रत्यक्ष प्रवासाला जाण्याची त्यांना गरजच उरत नसे. नायगाराला जायचं तर ते आठ दिवस आधीपासून धबधब्याबद्दल असं बोलत, की शेवटी घरातल्यांना आपण भिजून आलोच आहोत असं वाटू लागे, आणि बेत रद्द झाल्याचं कुणाला फारसं दुःखही होत नसे.

माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे ताई, तिचे हे यजमान. मूळचे अकोल्याचे. ऐंशीच्या दशकात आमची दोन्ही घरं मिशिगनमधल्या ट्रॉय गावात पायी पाच मिनिटांच्या अंतरावर होती आणि दोघांच्याही नोकऱ्या मोटारींच्या धंद्यात. त्यांच्याकडे मोटारीची दारं होती. प्रयोगशाळेत एक यंत्र दिवसभर एकच दार उघडी आणि आपटी, आणि त्याची बिजागरी कधी तुटते याची वाट पाहत साडू वही घेऊन बसलेले असत. अठरा वर्षं हेच केल्यावर माणसाची नजर काय राहणार? मंडळाच्या गणपतीत बायका एकमेकींच्या साड्यांचे काठ पाहत, साडू मांडवाचे खांब पाहत. एकदा माझ्याकडे जेवायला आले असता त्यांनी पहिला घास घेण्याआधी खुर्ची उलटी करून तिचे चारही पाय तपासले होते. “राजेहो,” ते म्हणाले, “प्रत्येक वस्तू मोडायचीच वाट पाहत असते. आपण फक्त तारीख काढायची.” ती खुर्ची मी नवी आणली होती.

असा माणूस चार वर्षं स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून मोटारीने फिरायचा बेत आखत होता, आणि त्या बेतात आम्ही उभयता सामील होतो. ग्लासगोपासून वर, समुद्राच्या कडेकडेने, मालेग बंदराच्या अलीकडच्या एका खेड्यापर्यंत. बेताचं मूळ जुनं होतं. लग्न झाल्याबरोबर साडू एक वर्ष ग्लासगोला कारखान्यात शिकायला गेले होते, ताई अकोल्याला सासरी राहिली होती, आणि त्या वर्षात दर रविवारी बसने हिंडून पाहिलेला तो किनारा त्यांनी पत्रांतून ताईला कळवला होता. ‘एकदा तुला दाखवीन’ हे वचन त्यातलंच. ताई हर्णैची, समुद्राच्या काठी वाढलेली. ट्रॉयच्या आसपासची तळी पाहून ती पहिल्याच वर्षी म्हणाली होती, “पाणी भरपूर आहे हो, पण त्याला वास नाही.” तेव्हापासून तिने साडूंच्या मागे काही टुमणं लावलं असेल तर ते एवढंच, की तुमचा तो किनारा दाखवा.

साडूंनी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर स्कॉटलंडचा नकाशा पसरून वर जाड प्लास्टिक टाकलं. त्यामुळे त्या घरी जो जेवायला जाई तो स्कॉटलंडवरच जेवे. मी बहुधा इन्व्हरनेसवर बसत असे. गाडी कुठे वळणार, कुठे थांबणार, कुठे चहा आणि कुठे फक्त पाणी, हे सगळं रंगीत पेन्सिलींनी काढलेलं असे. ताई पोळी वाढता वाढता म्हणे, “फोर्ट विल्यमवरचं लोणचं जरा इकडे सरकवा.” मुक्कामाच्या घरमालकिणीला तर त्यांनी एकेचाळीस प्रश्नांचं पत्र पाठवलं होतं. अंघोळीच्या खोलीत अंगावर पाणी घ्यायचा मग असतो का, शाकाहार म्हणजे तुम्ही नेमकं काय समजता, रस्त्यावर मेंढ्या बसतात का आणि बसल्यास उठतात का. बाईंचं उत्तर चार ओळींचं आलं. त्यातली मेंढ्यांबद्दलची ओळ अशी होती की ते मेंढीवर अवलंबून आहे. साडू त्या उत्तराने दोन दिवस अस्वस्थ होते.

अमेरिकेत येईपर्यंत साडूंनी सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं, म्हणजे स्कॉटलंडात रस्त्याच्या डाव्या बाजूने मोटार हाकणं हे आपल्या देशातून आलेल्या या माणसाला शिकून घ्यावं लागणार होतं. संध्याकाळी ते सोफ्याच्या दोन गाद्यांमध्ये लाटणं खोचून डाव्या हाताने गिअर टाकत बसत. त्या दिवशी पोळ्या उशिरा. त्यांची लेक कॉलेजातून सुट्टीला आली की हे पाहून म्हणे, “डॅड, प्लीज, जस्ट गो!” पण खरी तालीम रविवारी सकाळी. दुकानं बारापर्यंत बंद असत, तेव्हा मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये कपडे धुवायच्या टोपल्या गोल मांडून त्यांनी चौकातलं वर्तुळ तयार केलं होतं. माझी बायको समोरून येणारी वाहतूक होती. मला मेंढीचं काम होतं. रस्त्याच्या मध्ये बसायचं आणि तीनदा हॉर्न वाजल्याशिवाय उठायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती.

चौथ्या वर्षीच्या वसंतात अशाच एका तालमीला पोलिसाची गाडी आली. तो उतरला, टोपल्यांकडे पाहिलं, मग साडूंकडे. “सर, यू आर ऑन द राँग साइड.”

“नो ऑफिसर,” साडू शांतपणे म्हणाले, “वुई आर इन स्कॉटलंड.”

पोलीस माझ्याकडे वळला. मी अजून डांबरावर बसलेलो. “अँड व्हॉट आर यू, सर?”

“शीप,” मी म्हणालो. खोटं बोलायचं मला काही कारण नव्हतं.

तो बिचारा टोपल्या उचलायला लावून निघून गेला. बायको टोपल्या घेऊन आमच्या गाडीने पुढे गेली आणि मी साडूंच्या शेजारी बसलो. मला खरोखर राग आला होता. तीन उन्हाळे मी रजा काढून परत केली होती. एकदा पासपोर्टातल्या फोटोत ते स्वतःसारखे दिसत नव्हते म्हणून, एकदा पावसाचे आकडे जास्त होते म्हणून, एकदा डास चावतील म्हणून. मी म्हणालो, “अहो, तुम्ही तर तो किनारा दर रविवारी पाहिलेला आहे. मग भीती कसली?”

साडूंनी चावी फिरवली नाही. “मी नाही पाहिला,” ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. त्या वर्षभरात त्यांनी ग्लासगोबाहेर पाय ठेवला नव्हता. रविवारी ते खोलीत बसून शर्ट धूत आणि रडत. पत्र जाई ते अकोल्याच्या घरी, आणि तिथे ते त्यांचे वडील फोडत, ओसरीवर बसून मोठ्यांदा वाचत, मग आई, मग काकू, आणि सगळ्यांत शेवटी ताईच्या हाती येई. “त्यात काय लिहिणार राजेहो? तुझी आठवण येते असं लिहिलं असतं तर बाबांनी चष्मा पुसून ते वाक्य दोनदा वाचलं असतं. स्टेशनवर एक चित्रांचं माहितीपत्रक फुकट मिळत होतं. म्हणून मग समुद्र लिहिला.” चाळीस पत्रं. आता ताईला तिथे नेलं आणि ती म्हणाली, दाखवा ते वळण, दाखवा ते चर्च, तर काय दाखवणार? “तेवीस वर्षं ती त्या पत्रांवर विश्वास ठेवून बसली आहे. तेवढं एक तुटलं तर, बाप्पा, मला दुरुस्त करता येणार नाही.” ताईला काही बोलणार नाही असं मी त्यांना वचन दिलं आणि त्या दिवसापासून टेबलावर इन्व्हरनेसला बसणं मला जड जाऊ लागलं.

पुढच्याच आठवड्यात ताईने स्वतः जाऊन चार तिकिटं काढली, सप्टेंबरची. “कॅन्सल केलं तर पैसे परत नाहीत,” तिने जाहीर केलं, “मी मुद्दाम तसलीच घेतली.” साडूंचा चेहरा पांढरा पडला, तो ग्लासगोत उतरेपर्यंत तसाच होता.

गाडी मात्र त्यांनी झकास चालवली. वेग तासाला अठरा मैल. रस्ता एका गाडीपुरता, आणि समोरच्याला वाट द्यायला मधूनमधून जागा केलेल्या. साडू त्यांतल्या प्रत्येक जागेत थांबत, समोर कुणी असो वा नसो. आमच्या मागे अर्धं स्कॉटलंड तुंबलं होतं. समुद्र पहिल्यांदा दिसला आणि ताईने सुरुवात केली.

“अहो, ते पांढरं चर्च कुठे आहे? तीन झाडांचं?”

“पुढे असेल,” साडू म्हणाले. “किंवा पाडलं असेल.”

“झाडंसुद्धा?”

“तेवीस वर्षं झाली.”

“इकडे मधे मोठं वादळ झालं होतं म्हणे,” मी मागच्या सीटवरून म्हणालो. माझ्या शेजारी बायको खिडकीला नाक लावून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, गाडी लागली. ताई प्रत्येक वळणावर असं काही विचारी, आणि साडूंची मान दर वळणाला आणखी थोडी खाली जाई. मला तो प्रवास त्यांच्याइतकाच लांब वाटला.

मुक्कामाला पोचलो तेव्हा घरमालकीण बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी साडूंकडे नीट पाहिलं आणि आधी त्यांना अंघोळीच्या खोलीतला मग दाखवला. चहा झाला. साडू गाडीची काच पुसायला गेले, म्हणजे तसं सांगून गेले. आम्ही तिघं घरासमोरच्या दगडी भिंतीवर समुद्राकडे तोंड करून बसलो. सूर्य खाली आला, पाण्याला टेकला आणि दिसेनासा झाला. ताईने खोल श्वास घेतला. “वास आहे,” ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, “तुम्हांला एक सांगू? पहिल्याच पत्रात ह्यांनी लिहिलं होतं, बसच्या खिडकीतून समुद्रातून सूर्य वर येताना पाहिला. मी हर्णैची हो. समुद्र पश्चिमेला असला की सूर्य त्यात बुडतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शाळेचा नकाशा काढून पाहिलं, तर ग्लासगोचा समुद्रही पश्चिमेलाच. कुठलं तरी मावळतीचं चित्र पाहून लिहिलं असणार बिचाऱ्यांनी.”

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “ताई माहेरपणाला येताना सगळी पत्रं घेऊन यायची. आम्ही बहिणी माडीवर बसून वाचायचो. मी बारा वर्षांची होते, तरी मला कळलं होतं.”

“मग मला नाही सांगायचं?”

“तुम्ही इतकं सीरियसली सीक्रेट ठेवत होता, म्हटलं कशाला डिस्टर्ब करा.”

मेंढी म्हणून मी डांबरावर बसलो होतो त्यापेक्षाही त्या भिंतीवर मला जास्त मेंढीसारखं वाटलं. “पण तुम्ही त्यांना कधी बोलला का नाहीत?” मी ताईला विचारलं.

“काय बोलणार?” ती म्हणाली. “त्या घरात दिवसभर माझ्या वाट्याला येई ते सगळ्यांचं असायचं. फक्त माझ्यासाठी येई ते एवढंच, आणि तेही सगळ्यांच्या हातातून. हे नुसतं खोलीत बसून आहेत असं लिहिलं असतं तर मी तिकडे रडत बसले असते. समुद्र लिहिला, म्हणून निभावलं.” “इथे आणलं ते एवढ्यासाठी, की एकदा खरंच बघून टाकावा ह्यांनी. ओझं उतरेल. पण मला माहीत आहे हे त्यांना सांगू नका हं. घाबरतील.” म्हणजे आता माझ्याकडे त्या दोघांचीही गुपितं झाली, आणि दोन्ही एकच.

साडू काच पुसत नव्हते. घरमालकीण बाईंकडून मागितलेलं एक चित्राचं कार्ड मोटारीच्या टपावर ठेवून ते काहीतरी लिहीत होते. लिहून झाल्यावर ते कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत चालत गेले आणि परत येऊन भिंतीवर ताईच्या शेजारी बसले. दुसऱ्या दिवसापासून ताईने चर्चबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि साडूंचा वेग वीस मैलांवर गेला.

आम्ही ट्रॉयला परतल्यावर आठ दिवसांनी ते कार्ड आलं. उघडं, पोस्टमनपासून कुणीही वाचावं असं. साडूंनी लिहिलं होतं, ‘हा समुद्र आज पहिल्यांदा पाहिला. सूर्य त्यात बुडाला. तुझी आठवण यायचं खरं तर कारण नव्हतं, तू समोर भिंतीवर बसली होतीस. तरी आली.’ ताईने ते मला दाखवलं, साडूंच्या समोरच.

साडू गेल्यावर ताई फ्रिस्कोला लेकीकडे राहायला निघाली. घर आवरायला आम्ही दोघं गेलो होतो. कपाटातून जुन्या निळ्या पत्रांचा गठ्ठा निघाला आणि त्याच्यावर ते कार्ड. मला वाटलं, ते एक तेवढं ती पर्समध्ये जपून ठेवील. मी तसं म्हणालोही. ताई हसली. “ते एकदाच वाचलं हो,” ती म्हणाली. “खोटी मात्र सगळी पाठ आहेत.” मग तिने गठ्ठ्याला नवी रबराची पट्टी लावली, आणि गाडीत विमानतळ येईपर्यंत तो मांडीवरून खाली ठेवला नाही.