हातशेपसुतचं नाव

"हे आधी कोणाचं होतं?" कुठलीही वस्तू पाहिली की माझ्या मित्राचा पहिला प्रश्न हा. सेकंडहँड सोफा असो, ऑफिसातली खुर्ची असो. एकदा आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी खाता खाता त्यानं विचारलं, "रेसिपी आधी कोणाची होती?" त्याची मुलगी वैतागून इथल्या बोलीत म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट खिचडी लाह."

आम्ही दोघंही मूळ पुण्याचे, इथे परदेशात बुकित बातोकला समोरासमोरच्या ब्लॉकमध्ये राहणारे आणि एकाच कंपनीतले इंजिनियर. त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तो विचारेल, "यात तुझा काय फायदा?"

असा एखादा संशयी माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. लिफ्टमध्ये दोघं हसत असले की हा गप्प होई. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातल्या, कॉफीवाल्या आंटीनं न मागता एक टोस्ट जास्त दिला, तर खाण्याआधी तो आजूबाजूला बघून घेई.

नाद एकच, प्राचीन इजिप्तच्या राजांचा. विश्वास मात्र त्यांच्यावरही नव्हता. गोदामांचा माल सांभाळणारी आमची सगळी सिस्टीम त्यानं उभी केली, तेव्हा सर्व्हरना त्यानं राजांचीच नावं दिली. सगळ्यात मोठा, सगळं पोटात घेणारा तो खुफू. प्रत्येक बदलानंतर वेगळंच वागणारा तो अखेनातेन. चिमुकला तुतनखामेन चाचणीपुरता. आणि जिच्यावर सगळं चाले ती हातशेपसुत.

एमआरटी मेट्रोत उभ्याउभ्या तो मला तिची गोष्ट सांगे, तीही आवाज खाली करून. बाई असून तिनं राजा म्हणून राज्य केलं, आणि उत्तम केलं. ती गेल्यावर सावत्र मुलानं, थुटमोसनं, भिंतींवरून तिचं नाव खरवडून काढलं. पुढे आलेला रामसेस त्याहून बेरकी. दुसऱ्यांच्या पुतळ्यांवर त्यानं स्वतःचं नाव घातलं, आणि आपलं मात्र इतकं खोल कोरायला लावलं की मागून येणाऱ्याला ते खोडता येऊ नये.

मग आम्हाला नवा बॉस आला. गोड बोलणारा, सगळ्यांना कॉफी पाजणारा. मीटिंगमध्ये सिस्टीमची माहिती दाखवताना पडद्यावर आधी माझ्या मित्राचं नाव असे. ते जाऊन तिथे 'टीम' आलं आणि थोड्या दिवसांनी बॉसचं नाव. मित्राचा इथे काम करायचा पास संपत आला होता. तो पुढे वाढवायचा तर याच्यावाचून अडतं असं कंपनीला वाटायला हवं होतं. मुलीची शाळा, राहतं घर, सगळं त्यावर अवलंबून.

"खरवडायला सुरुवात झाली," तो म्हणाला.

"तुला ज्याच्यात त्याच्यात थुटमोस दिसतो," मी म्हटलं.

"दिसत नाही. असतो."

त्याच सुमाराला त्याचा कोड तपासताना मला एक चूक सापडली. सर्व्हरचं नाव कोडमध्ये थेट लिहायचं नाही, ते एका जागी ठेवायचं, म्हणजे पुढे सहज बदलता येतं. हे आम्ही नवशिक्यांना पहिल्या दिवशी शिकवतो. यानं हातशेपसुत हे नाव जिथे तिथे लिहून ठेवलं होतं. मी विचारलं तर "राहू दे" एवढंच म्हणाला. काळजीनं बिचाऱ्याचं कामात लक्ष नाही, असं मला वाटलं आणि मी ते राहू दिलं.

पास वाढला नाही. पुण्याला परत जाताना आपला सोफा त्यानं मला दिला. "कोणी विचारलं तर सांग, आधी कोणाचा होता ते." त्या वेळी मला त्याच्याकडे बघवेना.

तो गेल्यावर बॉसनं सर्व्हरना साधे नंबर द्यायचं ठरवलं. खुफू गेला, अखेनातेन गेला, तुतनखामेन गेला. हातशेपसुतचं नाव बदललं आणि सगळी गोदामं ठप्प झाली. संध्याकाळच्या आत नाव परत लावावं लागलं. कोडमध्ये जिथे तिथे इतकं खोल कोरलेलं ते नाव काढायचं तर सगळी सिस्टीम नव्यानं लिहावी लागणार होती. मला आधी हसू आलं आणि मग त्याची फार आठवण आली.

परवा मुंबईहून नवी मुलगी कामाला आली. सर्व्हरची यादी बघून तिनं मला विचारलं, "सगळ्यांना नंबर, मग हिलाच नाव कसं? हे आधी कोणाचं काम होतं?"

बॉस शेजारच्याच टेबलाशी बसला होता. मी तिला माझ्या मित्राचं नाव सांगितलं, आडनावासकट, जरा मोठ्यानंच.