नळ्या काढलेल्या बाईचं बाळंतपण

निवृत्तीला थोडाच काळ उरला होता तेव्हाची ही हकिकत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जुन्या तपासांचा विषय निघाला की मला आधी हीच केस आठवते, आणि आठवली की हसू येतं.

सकाळची हजेरी आटोपून मी टपाल पाहत होतो. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत काम करणारा एक तरुण बायकोला घेऊन समोर उभा राहिला. तो रागाने लाल झालेला, ती पदराआड हसू दाबत होती.

"सायब, हिला दिवस गेल्यात," तो म्हणाला.

"मग चांगलंच आहे की. पोलीस ठाण्यात काय काम काढलंत?"

"डॉक्टरनं हिच्या दोन्ही नळ्या काढल्यात न्हवं."

लिहीत बसलेल्या ठाणे अंमलदाराने मान वर केली.

पोट दुखतं म्हणून ही बाई पूर्वी शहरातल्या एका खासगी डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी गर्भनलिका खराब झाल्याचं सांगून सरकारी योजनेतून ऑपरेशन केलं आणि घरी सोडताना सांगितलं, आता मूल होणार नाही. सासूने मुलाच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. सून आजऱ्याला माहेरी निघून गेली. नवरा हट्टाने तिला परत घेऊन आला. आणि आता दिवस गेल्यावर सासू विचारत होती, नळ्या न्हाईत, तर हे पोर कुणाचं?

"नळ्याच नसतील तर कुणाचंच होणार नाही," मी म्हणालो.

"म्या बी तेच सांगितलं. पर आईला डॉक्टर म्हंजे देव वाटतोय."

तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली. "सायब, डॉक्टर खोटा का मी खोटी, एवढं ठरवून द्या. पोर तर येणारच हाय."

उपचारातल्या चुकीची तक्रार आली म्हणून डॉक्टरला लगेच अटक करता येत नाही. सरकारी तज्ज्ञांचा अभिप्राय लागतो. मी अर्ज चौकशीवर घेतला, जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र दिलं आणि डॉक्टरांना जबाबासाठी बोलावलं.

डॉक्टर फार गोड बोलायचे. "निसर्ग कधीकधी चमत्कार करतो," ते म्हणाले.

"नळ्या तुम्ही स्वतः काढल्या?"

"माझ्या हातांनी."

"दोन्ही?"

"दोन्ही. पूर्ण."

खोटं बोलणाऱ्याला मध्ये अडवू नये, असा माझा अनुभव. त्याला सविस्तर बोलू द्यावं. मी सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. ऑपरेशनला हजर असलेल्या भूलतज्ज्ञांनी मात्र काहीच आठवत नसल्याचं सांगितलं.

शल्यचिकित्सकांनी नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने कळवलं की गरोदरपणात नळ्या खात्रीने दिसत नाहीत, बाळंतपणापर्यंत थांबा. मग आम्ही थांबलो. गुन्हेगाराची वाट पाहणारं ठाणं एका बाळाची वाट पाहू लागलं. महिला हवालदार येता-जाता तिच्या तब्येतीची चौकशी करून यायच्या, आणि तपासाचा अहवाल द्यावा तसं मला सांगायच्या, "आज जेवली नीट."

मूल आडवं असल्याने सरकारी रुग्णालयात सिझेरियन ठरलं. समितीतल्या तज्ज्ञ बाई स्वतः आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"मुलगी झाली. दोघी छान आहेत. आणि दोन्ही नळ्या जागच्या जागी आहेत, तसं लेखी देते."

नवरा तिथेच भिंतीला टेकून खाली बसला आणि हसत हसत रडला.

मी भूलतज्ज्ञांना पुन्हा बोलावलं. मुलगी झाल्याचं आधी सांगितलं, मग तो अभिप्राय पुढे ठेवला.

"पोट उघडलंच नव्हतं," ते म्हणाले. "वरवर चीर देऊन टाके घातले. योजनेचे पैसे उचलायला."

"तेव्हाच का बोलला नाहीत?"

"आमच्या व्यवसायात कुणी कुणाविरुद्ध बोलत नाही."

"आमच्याही खात्यात हेच ऐकत आलोय. सांगा आता सुरुवातीपासून."

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, अटक झाली. डॉक्टर शेवटपर्यंत कबूल झाले नाहीत. त्यांना शिक्षा झाली आणि नोंदणीही गेली. नळ्या काढल्याचं त्यांनी सांगितलेल्या आणखी काही बायकांचीही तपासणी करवून घेतली. बऱ्याच जणींच्या पोटात कुणी हातच घातला नव्हता. ते सांगायला आम्हीच घरोघर गेलो. पोलीस दारात दिसले की माणसांची तोंडं उतरतात, पण मंगळवार पेठेतल्या एका बाईने बातमी ऐकून महिला हवालदाराला मिठीच मारली आणि आम्हा सगळ्यांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

बारशाला आम्हाला आमंत्रण होतं. पाळणा म्हणून झाल्यावर सासूबाई उभ्या राहिल्या. पाहुण्यांनी भरलेल्या त्या मांडवात त्यांनी सुनेचा हात धरला आणि मोठ्याने म्हणाल्या, "मी हिच्यावर संशय घेतला. चुकलं माझं. समद्यांसमोर सांगते."

जबाबदारी म्हणजे काय, यावर मी पुढे प्रशिक्षण केंद्रात बरीच व्याख्यानं दिली. शिकलेली, मानाच्या खुर्चीवरची माणसं 'चुकलं' हा एक शब्द टाळण्यासाठी कुठवर जातात, ते मी नोकरीभर पाहिलं होतं. सासूबाईंना ना समन्स गेलं होतं, ना कुणी जबाब मागितला होता. सुनेने डोळे पुसले, लेक सासूच्या मांडीवर दिली, आणि आम्ही जेवायला बसलो.