मिश्री आणि वहीतले दोन रकाने
शेजारी तव्यावर मिश्री भाजल्याचा वास आला, की लेकीच्या प्रवेशाची ती दुपार आठवते. दातांच्या डॉक्टरकीची मिळालेली जागा घ्यायची, की एमबीबीएससाठी आणखी एक वर्ष द्यायचं, हे दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. मी वहीत दोन रकाने पाडून गुण दिले होते, त्यात एमबीबीएस दोन गुणांनी पुढं होतं. पालमहून आलेली माझी थोरली बहीण माझ्या वहीला हसली आणि सवयीनं तोंडावर पदर धरला. "आत्या, दात दाखव बरं," लेक म्हणाली. "काय दाखवू माय? मिश्रीनं काळे झालेत. लय लाज वाटती." लेकीनं तिला खिडकीच्या उजेडात बसवून नीट पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, मी दातांचंच शिकते." मी बेरीज पुन्हा तपासली, बरोबरच होती, तरी वही मिटली. लेक डॉक्टर झाल्यावर तिनं आधी आत्याचेच दात साफ केले. परवा बहिणीच्या नातवाच्या बारशाचा फोटो आला. त्यात ती पदर न धरता हसली आहे. मोठा करून मोजले, आठ दात दिसतात.