जजसाहेबांचा काळा गाऊन

दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी शाळेचे युनिफॉर्म शिवायची. समोरच्या दारात एक सोमाली कुटुंब राहायचं. घरधनी मायदेशी जज होते. तिकडे यादवी पेटली, सरकारच उरलं नाही, तेव्हा ते दोह्याला आले आणि एका कंपनीचं गोदाम सांभाळू लागले. पण जिन्यात पोरं भांडली, तर आधी दोघांचंही नीट ऐकून घ्यायचे. मी त्यांना जजसाहेबच म्हणायची.

दोन हजार सालानंतर कधीतरी ते खजुराचं ताट घेऊन आले. देशात नवं सरकार बसलं होतं आणि त्याने त्यांना बोलावलं होतं. ते नोकरी सोडूनच आले होते. बायको इथे शाळेत शिकवायची, म्हणून ती आणि मुलगी मागे राहणार होत्या.

"सिस्टर, मला गाऊन शिवून द्याल? तिथल्या कोर्टात खुर्चीसुद्धा उरलेली नाही. निदान जज तरी जजसारखा दिसू दे."

सोमाली जज काय घालतो ते मला काय ठाऊक! खेडच्या कोर्टात माझे मामा वकील होते, त्यांचा गाऊन आठवून बेतला. काळं कापड घरात अबायाचंच होतं, इथल्या बायका वरून घालतात त्या पायघोळ काळ्या झग्याचं. आमचे हे माझ्या मशीनशेजारी चहा पीत म्हणाले, "गाऊन तू शिवशील गो, पोलीस कोन शिवनार?" यांची जीभ पहिल्यापासून काळी. मी त्यांना गप्प बसवलं.

जजसाहेबांनी तो घातला तेव्हा त्यांची मुलगी, कोर्टात जज आल्यावर सगळे उठतात तशी, ताठ उभी राहिली. आम्ही सगळे हसलो. मला फार अभिमान वाटला. एका देशाच्या उभारणीत आपलेही चार टाके आहेत, असं उगाच वाटत राहिलं.

वर्षभराने ते परत आले, व्हिजिट व्हिसावर. गोदामात दुसरा माणूस लागला होता. आधीच सडपातळ, आता नुसती हाडं दिसत होती.

त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. कोर्ट शाळेच्या खोलीत भरायचं. एका विधवेचं घर कुणीतरी बळकावलं होतं. त्यांनी साक्षी घेतल्या आणि तिच्या बाजूने निकाल दिला. तो माणूस हसला, आपल्या बंदूकवाल्यांना घेऊन उठला आणि जेवायला त्याच घरी गेला. कोर्टाकडे एक शिपाई, तोही बिनपगारी. सरकारची सत्ता रस्त्याच्या पहिल्या वळणापर्यंत.

"ती बाई रोज यायची," ते म्हणाले. "म्हणायची, जजसाहेब, निकाल माझ्या बाजूने लागला ना? मग मी घरी कधी जाऊ?"

मला त्या सरकारचा असा संताप आला, की हातातली कात्री आपटली.

त्यांनी पिशवीतून गाऊन काढला. मुलगी आता मोठी झाली होती, तिला त्याचा अबाया करून हवा होता. कापड मुळात तेच, काम फारसं नव्हतं. बाह्या अरुंद करायच्या आणि खांद्यामागच्या चुण्या उसवायच्या. माझा हात काही चालेना.

"दुसरं सरकार येतंय म्हणतात," मी म्हटलं. "पुन्हा बोलावलं तर? थोडे दिवस राहू दे की."

"बोलावतील," ते म्हणाले. "पण ती बाई पुन्हा येईल. कापा, सिस्टर."

मी कापला.