तात्यांची कंपनी विकली तेव्हा

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड होती. उसाच्या कांडीवरचा डोळा कापून काढायचं यंत्र आम्ही बनवायचो. त्या डोळ्यांपासून रोपवाटिकेत रोपं तयार करतात. मी लासुर्ण्याहून एसटीने यायचो. मालकांना सगळे तात्या म्हणायचे. वयाने ते माझ्याएवढेच, पण पगार देणारा माणूस आमच्याकडे आपोआप तात्या होतो.

तिथे कुणालाच हुद्दा नव्हता. सकाळी उभ्याउभ्या चहा व्हायचा आणि तेवढ्यात ठरायचं, कोण काय करणार. नियम एकच: ज्याने शेतकऱ्याचा फोन उचलला, त्याने ते काम शेवटापर्यंत न्यायचं. मी सोमेश्वरनगरला यंत्र पोचवायचो, तिथेच ते जोडून द्यायचो, पातं बोथट झालं की पुन्हा जायचो आणि परत येऊन शेडही झाडायचो. एखाद्याच्या घरी लग्न निघालं तर तेही कंपनीचंच काम. अंग मोडून यायचं. पण हे आपलं आहे असं वाटायचं, आणि ते खरंच वाटायचं, आज हसू येत असलं तरी.

मग पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं. तात्यांनी पेढे वाटले. "कुणाची नोकरी जाणार न्हाय. मी हाय ना हितंच," म्हणाले. आम्ही पेढे खाल्ले आणि निर्धास्त झालो. पेढ्यावर विश्वास ठेवण्यात आमच्या भागातल्या माणसांचा हात कुणी धरणार नाही.

थोड्याच दिवसांत पुण्याहून एक बाई आल्या. शांत, हसतमुख, नीट बोलणाऱ्या. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला मला जागाच सापडत नाही, याचाच जास्त राग येतो. एकेकाला आत बोलावून त्या एकच प्रश्न विचारत होत्या: तुमचं काम काय?

मी छाती फुगवून सांगितलं, "सगळंच, मॅडम. पडंल ते."

"म्हणजे नक्की?"

"सगळंच की. आमच्यात कामाला न्हाय म्हणत न्हाईत."

आम्हाला काय ठाऊक! एकच काम येतं म्हणणाऱ्या माणसाला आमच्याकडे कामचुकार समजतात. नुकताच लागलेला एक वेल्डर मात्र "वेल्डिंग" एवढंच बोलून बाहेर आला. आम्ही दिवसभर त्याची थट्टा केली. तो अजून तिथे आहे.

बाईंनी केलेल्या कामाच्या नव्या तक्त्यात विक्री, दुरुस्ती, वाहतूक असे वेगवेगळे विभाग होते. 'सगळं' नावाचा विभाग नव्हता. माझ्या नोकरीचं काय, ते कुणी सांगेना. बायको रोज विचारायची. "तात्या बघतील," मी म्हणायचो. आधी जोरात म्हणायचो, मग हळू, मग तिनेच विचारणं सोडलं. ते दिवस मला नको झाले होते. नुसती वाट बघत बसून जेवढा दमलो, तेवढा काम करून कधी दमलो नव्हतो.

शेवटी माझं नाव कमी केलं. वर विनंती अशी, की जायच्या आधी नव्या माणसांना शिकवून जा. एक फोन घेणारा, एक यंत्र जोडणारा, एक गाडीबरोबर जाणारा. मी शिकवलं. चांगलं शिकवलं, हट्टाने.

शेवटच्या दिवशी तात्या म्हणाले, "चल, लासुर्ण्याला सोडतो तुला." गाडी वसाहतीबाहेर पडली. मलाच राहवेना.

"तात्या, माझा विषय निघाला व्हता का वर?"

"निघाला व्हता. ते म्हणले, माणूस चांगला हाय, पण बसवायचा कुठं?"

"मग तुमी काय म्हणला?"

तात्यांनी समोरची उसाची ट्रॉली मागे टाकली. घाई नव्हती, तरी टाकली.

"काय म्हणणार? म्हणलं, बरोबर हाय तुमचं."

आमचा फाटा आला तेव्हा मी म्हणालो, इथेच सोडा. घर अजून लांब होतं. पण त्यांच्या शेजारी बसून तेवढं अंतर काढायची ताकद माझ्यात उरली नव्हती.