बेगमचा मुक्काम वाहेदचाचांच्या घरी

शेगावातल्या लॉजवाल्यांना वाहेदचाचांचा नंबर तोंडपाठ होता. गादीत ढेकूण निघाला की पाहुणे मालकावर ओरडायचे आणि मालक चाचांना फोन लावायचा. मग पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा बांधून स्वारी हजर. स्वभावाने मात्र मुंगीला वळसा घालून जाणारा माणूस! त्यांनी तीस वर्षं हा धंदा कसा केला, हे मला अजून कळलेलं नाही.

कुठल्याही घरात शिरले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "घरात जीव कोन कोन हाये?"

लोक माणसं मोजून सांगायचे. चाचा मान हलवायचे. "मानसं नाही इचारली. पोपट, मासोया, मांजर?" सगळे जीव बाहेर पडेपर्यंत पंपाला हात लावायचे नाहीत. लोक हसायचे. पण हा प्रश्न त्यांना आमच्या घराने शिकवला होता, आणि फार वाईट रीतीने शिकवला होता.

माझे वडील, इंद्रभान सर, शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. इतरांच्या बैठकीत शोकेस असते. आमच्याकडे काचेच्या पेटीत टॅरंटुला होती, म्हणजे तळहाताएवढी केसाळ कोळीण. आई म्हणायची, "सवत परवडली असती, तिनं झाडू तरी मारला असता."

वीस वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरात झुरळांनी उच्छाद मांडला, म्हणून बाबांनी चाचांना बोलावलं. पेटी आधीच शेजारच्या ओसरीत नेली. तिचं पाणी, तिचा चिमटा, सगळं हलवलं. दुपारी काम उरकून चाचा सांगायला ओसरीवर गेले, तर बाबा तिथे नव्हते. पेटीवर मात्र ऊन आलं होतं आणि कोळीण कोपऱ्यात दबून बसली होती. चाचांच्या घरी पोपटाच्या पिंजऱ्यावर ऊन आलं की कापड टाकायची रीत. त्यांना कीव आली. गळ्यातला दुपट्टा काढून त्यांनी मायेने पेटीवर पांघरला. सकाळभर पंप मारताना तोंडाला बांधलेला तोच दुपट्टा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिणीचे पाय थरथरत होते. दुपारपर्यंत तिने ते पोटाखाली आवळून घेतले, आणि संपलं.

बाबांनी दुपट्टा नाकाशी नेला, तेव्हा त्यांना उलगडा झाला. मला वाटलं, आता चाचांची धडगत नाही. पण बाबा म्हणाले, "वाहेद, झुरळाला मारतं ते हिला कसं सोडेल? दोघं एकाच भावकीतले. चूक माझी. पेटी हलवली, पण कपड्यांचं तुला सांगायचं राहिलं."

चाचा आमच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. मोठ्या माणसाला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

दोन वर्षांनी ते एक बरणी घेऊन आले. म्हणजे बरणी त्यांच्या बायकोच्या, चांदबीचाचींच्या हातात होती आणि चाचा चार हात मागे चालत होते. सातपुड्याकडे त्यांच्या साल्याच्या शेतात बांध खोदताना बोराएवढं पिल्लू सापडलं होतं. "सर, मी हात नाही लावला," हे त्यांनी तीनदा सांगितलं. बाबांनी पिल्लाचं नाव बेगम ठेवलं, कारण ती आली तीच दुसऱ्याला राबवत.

आणि खरंच राबवलं तिने. बाहेरचं झुरळ कुठे काय खाऊन आलं असेल, याचा भरवसा नाही, म्हणून बेगमचा शिधा चाचांच्या मोरीतून यायचा. त्यासाठी चाचांनी स्वतःच्या घरात औषधाचा एक थेंब मारला नाही. अख्ख्या गावाचे ढेकूण मारणाऱ्याच्या घरी झुरळं खुशाल फिरत. चाची अजूनही वैतागून म्हणतात, "अठरा साल झाले, हा मानूस मह्या घरात झुरयं पोसून राह्यला!" चाचा मात्र आमच्याकडे आले की उंबऱ्यावरच थांबायचे. "बेगम खैरियत?" एवढंच विचारायचे. बाबा आत बोलवायचे. ते तळहात दाखवायचे. "सर, या हातात इतक्या सालचं जहर मुरलं हाये."

बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांचं म्हणावं असं चालतंबोलतं माझ्याकडे एकच उरलं, बेगम. आणि यंदा त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली.

मी एका कंपनीचा माणूस बोलावला. "मॅडम, बिनवासाचं आहे, काही होत नाही," तो म्हणाला. मी गुपचूप चाचांना फोन लावला. काम सोडून त्यांना चार वर्षं झाली होती.

"वास नाही म्हंजे जहर नाही, असं कोनं सांगतलं त्याले?" चाचा भडकले. "बेगमले मह्या घरी आन. तू आन, मी नाही. आन् तिचा चिमटा, तिची माती तिथं ठेवू नको."

चाचींनी मागची खोली धुऊन ठेवली होती. डासांची अगरबत्ती बंद. दर गुरुवारचा लोबानाचा धूरही बंद.

बाराव्या दिवशी सकाळी चाचींचा फोन आला. "बेटा, बेगम उताणी पडली."

मी गाडी कशी चालवली, मला आठवत नाही. चाचा खोलीबाहेर भिंतीला टेकून बसले होते. अंगावर नवा कोरा कुडता. "मी आत गेलोच नाही, बेटा. कपडे बी नवे घातले. तरी महं जहर तिले लागलं. सरले काय तोंड दाखवू?"

मी आत गेले. बेगम पाठीवर होती, पण पाय आवळलेले नव्हते, हवेत पसरलेले होते. आणि मला बाबांचा आवाज आठवला. मेलेली कोळीण पाय पोटाखाली घेते. उताणी पडली तर ती कात टाकतेय. हात लावू नका, वाट पाहा.

"चाचा, ती मेली नाही. कात टाकतेय."

बाबांनी त्यांना हे कितीदा सांगितलं असेल. पण उंबऱ्यावरून ऐकणाऱ्याला दिसणार काय? त्यांचा विश्वास बसेना. आम्ही तिघं दाराशी बसून राहिलो. चहा गार झाला. दुपारी एकेक करून पाय जुन्या कातडीतून निघाले, आणि जुनी बेगम बाजूला पडून नवी, ओलसर, काळीभोर बेगम तिच्याशेजारी निजली. चाचांनी डोळे पुसले आणि पुन्हा पुसले.

आठवड्याने मी चाचांच्या घरीच चिमट्याने ती कात पेटीतून बाहेर काढली. आठ पाय, केस, सगळं जसंच्या तसं, फक्त आत कोणी नाही.

चाचा उंबऱ्यावरूनच बघत होते. "याले... याले काही होनार नाही ना?"

"नाही चाचा. आता याला काहीच होत नाही."

ते उठले. सवयीने मोरीवर जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा बेगमच्या खोलीचा उंबरा ओलांडून आत आले. मी कात त्यांच्या तळहातावर ठेवली. श्वास रोखून ते तिच्याकडे बघत राहिले.

"किती हलकी हाये वं ही," ते म्हणाले.

चाचींनी न सांगता पंखा बंद केला.