गाण्याची ओटी

हुमनाबादपासून बसवकल्याणपर्यंत आमच्या अप्पांइतका प्रामाणिक माणूस दुसरा सापडणार नाही, आणि ही देवाचीच कृपा म्हणायची, कारण असे दोन असते तर बाकीच्यांना इथं राहणं मुश्कील झालं असतं. एकदा आम्ही दोघं शेतातल्या पायवाटेनं चाललो असताना त्यांनी वाटेत पडलेलं एक बोर उचलून तोंडात टाकलं. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की झाड बांधाच्या पलीकडचं आहे. ते तसेच मागे फिरले, अर्धा मैल चालून त्या शेतकऱ्याच्या घरी गेले आणि झाल्या प्रकाराची कबुली देऊन आले. तो शेतकरी गेली दहा वर्षं अप्पांना "बोरं न्या की हो" म्हणून विनवत होता. तो बिचारा इतका गोंधळला, की त्यानं घाबरून चहा ठेवला.

असा माणूस रेडिओ केंद्राचा प्रमुख झाला, ही खरं तर घोडचूक होती. अप्पांचा मूळ धंदा रेडिओ दुरुस्तीचा. लोकांनी रेडिओ ऐकणं सोडलं तेव्हा इथल्या एका संस्थेनं गावासाठी छोटं केंद्र काढलं आणि रेडिओतलं कळणारा एकमेव माणूस म्हणून अप्पांना तिथं बसवलं. केंद्र म्हणजे माडीवरच्या दोन खोल्या. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना गावातल्या बायकांनी दिलेल्या जुन्या गोधड्या टांगलेल्या. उन्हाळ्यात आत बसून बातम्या वाचणं ही शिक्षा होती, आणि शाळेतून निवृत्त झालेला मास्तर म्हणून ती मला रोज भोगावी लागे. अप्पांचं एकेक वाक्य कानडीत सुरू व्हायचं, मराठीत वळण घ्यायचं आणि दखनीत संपायचं. कुणाचं काही अडायचं नाही. आमचा आवाज दहा-पंधरा किलोमीटर जायचा, निर्ण्यापर्यंत कसाबसा पोचायचा, आणि अप्पांना तेवढाच पुरे होता. निर्ण्याला त्यांची थोरली बहीण राहत होती.

या अक्कांची नजर काही वर्षांपूर्वी जवळजवळ गेली होती. त्यांचा दिवस रेडिओवर उगवायचा आणि रेडिओवर मावळायचा. दुपारी एक वाजता आमचा फर्माईशीचा कार्यक्रम असे. जुनी-नवी सिनेमाची गाणी लागत आणि पहिला फोन ठरलेला असे. "एक वाजून दोन मिन्टं झाली. गाणं कामून लागंना?" असं अक्का विचारत आणि अप्पा उभे राहून उत्तर देत. मला कायम वाटायचं, की संस्थेनं केंद्र गावासाठी काढलं असलं तरी अप्पा ते बहिणीसाठी चालवतात.

मग एक दिवस ते पत्र आलं. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या संगीत कंपनीचं, अस्सल इंग्रजीत. मी ते वाचून अर्थ सांगितला: प्रत्येक गाण्याला मालक आहे, ते वाजवायचं तर वर्षाची फी भरून परवाना घ्यावा लागतो. फीचा आकडा मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही. आमच्या केंद्राला जाहिराती होत्या तीन: एक खताचं दुकान, एक शिंपी आणि एक मिठाईवाला, आणि मिठाईवाला तर पेढे देऊनच भागवायचा. आम्ही सवलतीसाठी अर्ज केला. लहान-मोठा असा भेद आम्ही करत नाही, असं फार उदार मनाचं उत्तर आलं.

मी म्हटलं, "अप्पा, पत्र ठेवून द्या फायलीत. इथं आडगावात कोण ऐकतंय?"

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला ते बोर आठवलं. ते म्हणाले, "मास्तर, आपण ऐकायलाव की."

त्याच दुपारी सिनेमाची गाणी बंद झाली, आणि आमच्या केंद्रात गुणगुणण्यावर बंदी आली. दारातच तुरीच्या डाळीचा एक रिकामा डबा ठेवला. आत येणाऱ्यानं आपला फोन त्यात टाकायचा, कारण फोन वाजला तर त्याबरोबर सिनेमाचं गाणं वाजणार आणि ते हवेत जाणार. पशुवैद्य लाळ्या-खुरकुतावर बोलायला आले, तर बोलण्याआधी त्यांच्याकडून शीळ न घालण्याचं वचन घेतलं. कहर झाला तो लग्नसराईत. मी हवामान वाचत होतो आणि खिडकीखालून वरात चालली होती. अप्पा धावत खाली गेले, बँडवाल्यांपुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "पाच मिन्टं थांबा भाऊ, वर माईक चालू हाय." नवरदेव घोड्यावर, वऱ्हाड उन्हात, आणि मी वर गोधड्यांत बसून वाऱ्याचा वेग सांगतोय, असा देखावा होता. एवढं करूनही गाण्याचा एक तुकडा हवेत गेलाच होता. अप्पांनी मला त्या कंपनीला माफीचं पत्र लिहायला लावलं. त्यात 'अकरा सेकंद' असा उल्लेख होता, कारण त्यांनी नंतर ते मोजले होते. उत्तर आलं नाही, याचं त्यांना पुढं दोन महिने वाईट वाटत राहिलं.

पण गाण्यावाचून रेडिओ चालवायचा कसा? बियाण्यांची माहिती आणि बाळंतिणीची काळजी यांच्या मधे काहीतरी लागतंच. अप्पांनी तिथं बैलांच्या घुंगरांचा आवाज लावला, विहिरीवरच्या मोटरीचा लावला, एकदा तर हॉटेलात भजी तळल्याचा लावला. त्या दिवशी हॉटेलवाल्याची चांदी झाली, आमचे श्रोते मात्र गळायला लागले. संस्थेच्या अध्यक्षांनी सांगून टाकलं, की पाडव्यापर्यंत लोक परतले नाहीत तर या खोल्यांत शिवणवर्ग भरेल. अप्पांनी तेही ऐकून घेतलं. त्यांना लागलं ते वेगळंच. अक्कांचा एकचा फोन बंद झाला होता. अप्पांनी आपण होऊन फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या रेडिओत आता नुसती माणसं बोलायलेत. माणसं तर घरात बी बोलतेत, मी त्यायचंच ऐकत न्हाई."

त्या संध्याकाळी अप्पा बराच वेळ डाळीच्या डब्याशेजारी बसून होते. मग म्हणाले, "मास्तर, ज्यायचे मालक इथंच जवळ ऱ्हातेत, असली गाणी हुडकावी."

अशी आमची गाणी गोळा करण्याची मोहीम सुरू झाली. शेतातली, जात्यावरची, हळदीची, बारशाची, जी काही बायांच्या आणि बाप्यांच्या तोंडात होती ती. एखाद्यानं आनंदानं गाणी भरून घेतली असती आणि वाजवली असती. अप्पांनी आधी छापील फॉर्म केला. गाणं कोणाचं, कोणाकडून आलं, वाजवण्यास कोणाची हरकत आहे काय, आणि खाली सही किंवा अंगठा. शिवाय दुसऱ्याचं गाणं फुकट घ्यायचं नाही, हा त्यांचा कायदा. मोबदला काय द्यायचा यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि ठरवलं, की बाई गायली तर तिची खण-नारळानं ओटी भरायची आणि पुरुष गायला तर त्याला टॉवेल-टोपीचा आहेर करायचा. ओट्या भरायला अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, बरोबर येऊ लागल्या. मी रेकॉर्डिंगचं यंत्र धरायचं, अप्पांनी फॉर्म धरायचा आणि काकूंनी नारळ, अशी आमची वरात गावोगाव फिरू लागली.

दुबलगुंडीच्या एका बाईनं पेरणीचं फार गोड गाणं म्हटलं आणि फॉर्म भरताना सहज बोलून गेली, की हे सासूकडून आलं. अप्पा सासूकडे गेले. सासू म्हणाली, मी माझ्या मावशीचं ऐकलंय, ती बसवकल्याणला असते. अप्पा दुसऱ्या दिवशी बसनं बसवकल्याणला. नव्वदीची ती मावशी गाणं ऐकून खूश झाली, ओटी भरून घेतली आणि म्हणाली, "हे तर उदगीरकडच्या रोजगारणी गायच्या, लै वर्सं झाली." मी बसस्टँडवर अप्पांचा हात धरला नसता, तर ते उदगीरच्या गाडीत चढले असते. एका भीमगीतं लिहिणाऱ्या आजोबांनी फॉर्म वाचून हसून विचारलं, "गाणं समाजासाठी लिवलंय, मी कोण परवानगी देणारा?" अप्पा म्हणाले, "मग समाजाच्या वतीनं करा सही." आजोबांनी चष्मा लावून गंभीरपणे सही केली, टोपी घातली आणि आणखी चार गाणी गायली.

लोक परत आले. घराघरांतून ओळखीचे आवाज ऐकू येऊ लागल्यावर येणारच होते. आमची आत्या कधी लागणार, अशी विचारणा व्हायला लागली. पण एक वाजता अप्पा अजून फोनकडे बघत असायचे. गावोगाव आम्हाला एकच ऐकायला मिळत होतं, की गाणं ऐकायचं तर निर्ण्याच्या अक्काचं. मी विषय काढला की अप्पांना नेमकं काहीतरी काम आठवायचं. शेवटी मीच एका सकाळी त्यांना आणि काकूंना निर्ण्याच्या गाडीत बसवलं.

अक्का ओसरीवर बसल्या होत्या. गाणं म्हणा म्हटल्यावर म्हणाल्या, "म्या एकच म्हणीन. आईचं." अप्पांचा चेहरा पडला. त्यांनी फॉर्म काढला आणि चाचरत म्हणाले, "आई तर ऱ्हाईली न्हाई. परवानगी कोणाची घ्यावी?"

"वारस हावोत की आपण दोघं. मी देते अंगठा. तू देतूस का?"

अप्पांनी पेन काढलं, टोपण लावलं, परत काढलं. अखेर त्यांनी सही केली आणि अक्का गायला लागल्या. असा आवाज मी आमच्या भागात पुन्हा ऐकला नाही.

"लेक माझी गाती बाई, राघू येती झाडाला..."

एवढं म्हणून त्या थांबल्या. म्हणाल्या, "पुढलं आठवंना बाबा. ऱ्हाऊ दे. एवढंच लाव."

मी यंत्र बंद करायला गेलो, तर अप्पांनी माझा हात धरला. म्हणाले, "अर्धं गाणं लावता येत न्हाई. आईचं हाय, पुरं लावावं लागंल." आणि ज्या माणसानं वर्षभर आम्हाला गुणगुणू दिलं नव्हतं, तो मांडी घालून, डोळे मिटून, सुराला दुरूनही न शिवणाऱ्या आवाजात गायला लागला:

"ल्योक माझा गातो बाई, म्हैस तोडी दाव्याला!"

मग मला सगळं कळलं. अक्कांना पुढची ओळ चांगली आठवत होती. भावाची आयुष्यभराची फजिती पंधरा किलोमीटरच्या मुलखात जाऊ नये म्हणून त्या अडल्या होत्या. आणि अप्पांनी तीच फजिती स्वतःच्या सहीनं, स्वतःच्या तोंडानं दिली होती. समोरच्या गोठ्यात एक म्हैस रवंथ करत होती. तिनं मानसुद्धा वळवली नाही. दाव्याचा आवाज आला नाही तशा अक्का हसल्या आणि त्यांच्या न दिसणाऱ्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणाल्या, "बग, आईनं उगंच बदनाम केलं रं तुला."

काकूंनी अक्कांची ओटी भरली. अक्कांनी आतून नवा टॉवेल आणि टोपी मागवली आणि चाचपून भावाच्या डोक्यावर घातली, कारण कायदा सगळ्यांना सारखा.

ते गाणं रोज एक वाजता लागतं. त्यानं आमच्या खोल्या वाचवल्या असं मी म्हणणार नाही, पण अध्यक्ष स्वतः फोन करून म्हशीचं गाणं लावायला सांगतात आणि शिवणवर्ग समाजमंदिरात भरतो. अक्का मात्र आता निर्ण्याला नाहीत. डोळ्यांच्या इलाजासाठी मुलानं त्यांना हैदराबादला नेलं, ते तिकडेच ठेवून घेतलं. तिथं आमचा आवाज पोचत नाही. म्हणून एकला दोन मिनिटं कमी असताना अप्पा ती टोपी घालतात, डाळीच्या डब्यातून आपला फोन काढतात, बाहेरच्या खोलीतल्या जुन्या रेडिओसमोर धरतात आणि हात अवघडला तरी हलवत नाहीत. पहिल्या दिवशी फोन धरूनच त्यांनी मला कुजबुजत विचारलं होतं, "मास्तर, असं फोनवरून ऐकवायला येगळी परवानगी लागती का?" मी म्हटलं, "अप्पा, मालक तुम्हीच आहात."

बहिणीची ओळ होते, भावाची होते. मग पलीकडून अक्का विचारतात, "म्हैस हाय का रं बांधलेली?"

"हाय अक्का," अप्पा उभे राहून सांगतात, "जागची हलली न्हाई."